बोगद्याच्या अलीकडचा पेशंट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हा किस्सा निघाला की माझी सून अजूनही उठून आत जाते, म्हणजे विषय किती गंभीर आहे ते कळेल तुम्हाला.

मी कऱ्हाडचा. शाळेने मला सातवीत सोडलं की मी शाळेला, यावर अजून वाद आहे. पुढे जन्मभर जीप चालवली. हायवेवर टोलनाके आले तेव्हा आम्हा जीपवाल्यांनी एक युक्ती काढली होती. रांग मोठी दिसली की मागच्या सीटवरच्या एखाद्या आजोबांना आडवं करायचं, कपाळावर ओला टॉवेल टाकायचा आणि खिडकीतून हात काढून ओरडायचं, “पेशंट आहे, पेशंट!” दांडी लगेच वर. नाक्यावरची पोरं पुढच्या गाड्या बाजूला घेऊन वाट करून द्यायची. आजोबाही खूश, फुकटात झोपायला मिळायचं.

तर असा मी, नातीला बघायला म्हणून हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला आलो आणि करोनाने विमानंच बंद केली. तीन महिन्यांचा पाहुणा, वर्ष उलटलं तरी तिथेच. मुलगा मंदार वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, सून केतकी खालच्या खोलीत लॅपटॉपसमोर. नात इरा माझं मराठी सगळं समजून घ्यायची आणि उत्तर डचमध्ये द्यायची. म्हणजे आमचं भांडणसुद्धा नीट होईना. शेवटी मी भिंतीशी बोलायला लागलो, तर भिंतही इतकी पातळ, की पलीकडून केतकी म्हणायची, “नाना, मीटिंग चालू आहे.”

बोलायला एकच माणूस होता. देसाई गुरुजी. सांगलीकडचे रिटायर मास्तर, तेही माझ्यासारखेच लेकीकडे अडकलेले, पण पार समुद्राकडच्या झीलंड प्रांतात, खाडीखालून जाणाऱ्या बोगद्याच्या पलीकडे. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर मिळाला. रोज संध्याकाळी फोन. मी रोज नवीन थापा मारून त्यांच्या टोप्या उडवायचो, ते माझं मराठी सुधारायचे. एकमेकांचं तोंड मात्र दोघांनीही पाहिलेलं नाही. गुरुजींना व्हिडिओ आवडायचा नाही. म्हणायचे, “नाना, भेटायचं तर समोर बसून भेटू. पत्ते घेऊन या, नको, मीच आणतो. तुमच्या पत्त्यांवर माझा विश्वास नाही.”

महिनाभर मंदारच्या मागे लागलो. अखेर एका रविवारी तो कबूल झाला. बाहेर बाकावर बसायचं, दीड मीटर अंतर ठेवायचं, रमीचे चार डाव खेळायचे आणि परत. मंदारकडे दोन सायकली आहेत, गाडी नाही. भाड्याची आणली. मी सकाळपासून बूट घालून बसलेलो. लग्नातसुद्धा मी इतका वेळेवर तयार नव्हतो.

तिकडच्या हायवेवर कुठे टोल नाही. काकडीवाला नाही, चणेवाला नाही, कुणी कुणाला शिवी देत नाही. अळणी रस्ता. त्या बोगद्यापाशी पोचलो आणि समोर दांड्या दिसल्या तेव्हा मला माहेर दिसल्यासारखं झालं.

पण नाक्यावर माणूसच नाही. ज्यांच्या काचेवर टॅग, त्यांच्या गाड्या सुळकन पुढे. आमच्या भाड्याच्या गाडीला टॅग नव्हता, म्हणून कार्डाची रांग. मंदारने खिडकीतून हात काढून मशीनला कार्ड लावलं. मशीनने नाही म्हटलं. परत लावलं. परत नाही.

“अरे, कार्डाची मुदत संपलीय,” मंदार म्हणाला. “नवीन घरी टेबलावर राहिलं.”

“मग रोख दे.”

“नाना, इथे रोख घेत नाहीत.”

“मग परत जायचं?”

“थांबा हो जरा.” तो खिशात काहीतरी शोधू लागला आणि त्याने मदतीचं बटण दाबलं. मशीनमधून एका बाईचा आवाज आला. मंदार इंग्रजीत समजावू लागला. मागे गाड्या थांबलेल्या, आणि पलीकडे माझे गुरुजी वाऱ्यात बाकावर बसलेले. मला राहवेना. मी मागच्या सीटवर आडवा झालो, मफलर कपाळावर घेतला आणि पोटातून खोकलो. असा खोकलो, की गाडी हलली.

बाईचा आवाज थांबला. मग तिने विचारलं, कोण खोकतंय?

“पेशंट,” मी आतूनच सांगितलं. “व्हेरी पेशंट. हॉस्पिटल.”

“नाना, काय करताय?” मंदार वळून बघत म्हणाला.

“तू गप्प बस. दांडीकडे बघ.”

बाई मायेने एकेक विचारू लागली. फीव्हर? मी म्हटलं, येस. श्वासाला त्रास? येस. वास येत नाही का? येस, येस. माझ्या इंग्रजीत येस हा मोठा भाग आहे. तिने अजून चार प्रश्न विचारले असते, तर मी बाळंतपणालाही येस म्हटलं असतं.

तेवढ्यात मंदारने खिशातून काढलेला फोन मशीनला लावला. पैसे गेले. दिवा हिरवा झाला. आणि दांडी वर जाणार, तर नाक्याच्या ऑफिसातून धावत आलेला, मास्क घातलेला एक उंच पोरगा समोर दोन्ही हात पसरून उभा. कऱ्हाडकडे अशा वेळी वाट करून देतात. यांनी वाट अडवली.

गाडी बाजूला घेतली. तो पोरगा लांबूनच म्हणाला, ॲम्ब्युलन्स बोलावू का? मंदारने हात जोडून सांगितलं, की माझ्या वडिलांना काहीही झालेलं नाही, ते नाटक करतायत.

पोरगा म्हणाला, “या दिवसांत असलं नाटक कोण करेल?”

मी ताडकन उठून बसलो, छाती ठोकून दाखवली, हसून दाखवलं. तो दोन पावलं अजून मागे गेला. ॲम्ब्युलन्स नाहीतर घर आणि टेस्ट, तिसरा रस्ता नाही म्हणाला. आम्ही वळलो.

गाडीतूनच केतकीला कळवावं लागलं. ती फक्त एवढंच म्हणाली, “वरची खोली रिकामी करते. जेवण जिन्यावर ठेवीन.”

मग गुरुजींचा फोन.

“नाना, कुठवर आलात?”

“गुरुजी, परत चाललोय. नाक्यावरून परत पाठवलं.”

“अस्सं. का बरं?”

“पेशंट आहे म्हणून.”

“कोण पेशंट?”

“मीच. म्हणजे नाहीये. खोकलो फक्त.”

गुरुजी खो खो हसले. “वा. आज नवीन काढलंत. या आता बाहेर, झाडामागे लपलात तरी करडी टोपी मला दिसतेय.”

“अहो गुरुजी, मी खरंच...”

ऐकतात कुठे. फोन हातात घेऊनच निघाले. वारा ऐकू येत होता, पावलं ऐकू येत होती. मग त्यांचा मोठा आवाज आला, “सापडलात की नाही, नाना?” आणि त्यावर एका परक्या माणसाचं घाबरलेलं डच.

मग गुरुजींचं दोनतीनदा सॉरी, सॉरी.

“नाना,” गुरुजी म्हणाले, “तुम्ही खरंच आला नाहीत.”

त्यांची पावलं परत बाकाकडे गेली.

“पानं वाटून ठेवली होती हो मी. वर दगड ठेवलाय, उडू नयेत म्हणून.”

“मग माझी उचला,” मी म्हटलं. “काय काय आलंय ते वाचा. इथून खेळतो.”

ते वाचू लागले. माझी पानं त्यांच्या हातात, त्यांची पानंही त्यांच्याच हातात. वाटेतलं ब्रेडा शहर मागे पडेपर्यंत मी प्रत्येक डाव हरलो. कॅट एकच, तरी बदामची राणी एका डावात दोनदा निघाली. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेला हा माणूस मला ढळढळीत फसवत होता. फोन स्पीकरवर होता, मंदारसुद्धा आरशातून बघून म्हणाला, “नाना, काका चीटिंग करतायत.”

मी हाताने त्याला गप्प केलं. भांडलो असतो तर डाव मोडला असता, आणि डाव मोडला की फोन ठेवावा लागतो.

“वाटा गुरुजी,” मी म्हटलं. “या वेळी तुम्हाला सोडत नाही.”