सेक्रेटरीमार्फत सा

चर्चचा सेक्रेटरी झालं की दोन वह्या लागतात बघा. एकीत ठराव लिहायचे, दुसरीत ठरावात न मावणारं. माझी दुसरी कधीच भरली. आता डोक्यात साठवतोय.

विलासकाका आमचे पेटीवाले, दिनकरकाका तबलजी. तीस वर्षं दर रविवारी मांडीला मांडी लावून बसलेले. विलासकाकांची लेक रूथ पुण्याला असते. तिचं कमिटीला पत्र आलं: मी आणि स्नेहा लग्न करतोय, कायदा मानत नाही, निदान माझ्या चर्चच्या मंडळीनं आशीर्वाद द्यावा.

आता हे अजेंड्यावर घालायचं कुठं? मी 'इतर विषय'मध्ये घातलं, मंडपाच्या खुर्च्यांखाली. मीटिंग तीन तास चालली. खुर्च्या राहूनच गेल्या.

*

दिनकरकाका म्हणाले, "आशीर्वाद दिला तर मी चर्च सोडतो."

विलासकाका म्हणाले, "न्हाई दिला तर मी सोडतो."

पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करूया." ती एवढी लांबली की डोळे उघडले तेव्हा निम्मी कमिटी चहाला गेलेली!

माझं मत? विलासकाकांजवळ बसलो की त्यांचं पटतं, दिनकरकाकांकडं गेलो की त्यांचं. खोटं कशाला बोलू, मला कळतच नाही. दोघांपैकी एक जरी गेला तरी मला रडू येईल, एवढंच कळतं.

*

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पण तबला लावायला पेटीचा सूर लागतो.

"सेक्रेटरी, त्यांना म्हणावं सा द्या."

हातभर अंतरावर बसलेल्या विलासकाकांना मी सांगायचो, "सा द्या." एका रविवारी मी मलकापूरला गेलतो, तर सगळी गीतं तबल्याशिवाय झाली.

*

मग एकदा रूथ आणि स्नेहा उपासनेला आल्या. आमच्याकडं पुरुष डावीकडं, बाया उजवीकडं. दोघी उजवीकडं एका बाकावर बसल्या.

घरी बायको म्हणाली, "एवढी वर्षं झाली लग्नाला, चर्चमध्ये तुमच्या शेजारी कधी बसाय मिळालं न्हाई. ह्या पहिल्याच दिवशी बसल्या की."



*

त्याच सकाळचं एक राहिलं. आशीर्वादाचा निर्णय झाला नव्हता, अजूनही नाही. पहिलं गीत पुकारलं, मंडळी उभी राहिली. समोर लेक बघून विलासकाकांचे हात पेटीवरच थांबले. भाता हलेना.

दिनकरकाका तबला लावायची हातोडी घेऊन थांबलेले. मी सवयीनं पुढं झालो. त्यांनी मला हातानं अडवलं आणि विलासकाकांकडं वळले.

"हे लग्न मला पटलेलं न्हाई, आन् पटणार बी न्हाई," ते म्हणाले. "सा दे, विलास."