साधूंच्या बाटलीतली केळी

ब्रह्मदेवाने जिभा वाटायला काढल्या तेव्हा आमचे चुलतसासरे रांगेत दोनदा उभे राहिले असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बाकीच्या बाबतीत देवाने त्यांना बेतानेच दिलं होतं. डोळ्यांना जाड चष्मा, वाजणारे गुडघे आणि सोयीपुरतं ऐकणारे कान. पण जीभ अशी की तिला कुणी फसवू म्हणेल तर फसवणारा स्वतःच तोंडघशी पडेल. फैजपूरपासून सायकलच्या अंतरावर त्यांचं गाव, गावाबाहेर केळीचा बाग, आणि बठ्ठा, म्हणजे सगळा, गाव त्यांना नाना म्हणायचा. मी धुळ्याचा, देवपुरातला. तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. नाना मला पहिल्यांदा दिसले ते पुतणीसाठी मुलगा पाहायला आमच्या घरी आले तेव्हा. मुलगा म्हणजे मी. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, सगळी उत्तरं पाठ करून मी बसलो होतो. नानांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोन दिवसायचं पानी हाये हे. वरचं आजचं, खालचं कालचं." माझी माय घाबरली. "पानी खराब शे का?" नाना म्हणाले, "खराब नही. माठ घासला नही आज, एवढंच." मायने लगेच कबूल करून टाकलं, "खरं शे भाऊ, घाईमा ऱ्हायी गयं." नानांनी पेला खाली ठेवला आणि बरोबरच्या मंडळींना सांगितलं, "पोराची माय खरं बोलते. पोरगा पसंत." माझा पगार किती, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

लग्नानंतर कळलं की मी एकटाच नव्हे, अख्खी पंचक्रोशी या जिभेच्या धाकात होती. कुणाकडे लग्न असलं की नानांना पत्रिकेआधी कढईजवळ बोलावणं. आचारी हात जोडून उभा, नाना पळीतलं तळहातावर घेऊन चाटणार, आणि ते "हं" म्हणेपर्यंत पंगत बसायची नाही. एका लग्नात भरीत चाखून ते म्हणाले, "वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, झ्याक. पन यातली दोन-चार साबनाच्या खोक्यावर भाजली तुम्ही." आचाऱ्याने त्यांचे पायच धरले. काड्या संपल्या होत्या आणि मागच्या दारी दुकानाचं रिकामं खोकं पडलं होतं, हे फक्त त्याला आणि देवाला माहीत होतं. डॉक्टरांनी तापाची गोळी दिली तर नाना ती गिळायचे नाहीत, जिभेवर ठेवून बसायचे. "डॉक्टर, या गोयीत खडू जास्त हाये." (त्यांच्याकडे 'ळ' बोलत नाहीत, जळगावचं जयगाव होतं, गोळीची गोयी आणि केळीची केयी.) डॉक्टर वैतागून म्हणायचे, "नाना, ती पोटासाठी आहे, जिभेसाठी नाही!" यात खरे हाल कुणाचे झाले असतील तर नानांच्या बायकोचे, म्हणजे अक्कांचे. चाळीस वर्षं त्या माऊलीने रोज दोन वेळा पेपर दिला आणि एकदाही पैकीच्या पैकी मार्क पडले नाहीत. "लोकायचा नवरा जेवतो," अक्का म्हणायच्या, "माहा नवरा परीक्षा घेतो." पण हे सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे. ज्या जिभेला गाव घाबरतं ती आपल्या ताटावर रोज बसते, याचा त्यांना आतून केवढा तोरा होता!

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. नानांचा एक पुतण्या सुरतेला हिऱ्याच्या धंद्यात होता. मालकाने त्याला कामासाठी बेल्जियमला पाठवलं आणि तिथून येताना त्याने सहा बाटल्या आणल्या. बिअरच्या. पण साधी बिअर नव्हे. जाड काचेच्या, तारेने बूच बांधलेल्या, आणि कडकपणात आपल्याकडच्या बिअरच्या दुप्पट. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे सुरतेला न जाता स्वारी मुंबईहून थेट गावी. दिवस थंडीचे होते, मळ्यात भरताची पार्टी होती, आम्ही दहा-बारा पुरुष विहिरीजवळ बाजांवर पसरलेलो, आणि पलीकडे अक्का आणि इतर बायका वांगी भाजत होत्या. पुतण्याने बाटल्या बादलीत घालून विहिरीत सोडल्या आणि गार होईपर्यंत आम्हाला भाषण दिलं. ही बिअर म्हणे तिकडचे मठातले साधू स्वतः बनवतात, तिकडचे लोक ती पीत नाहीत, चाखतात, आणि ती कळायला जीभ लागते. इथवर ठीक होतं. पण मग तो नानांकडे पाहून हसत म्हणाला, "नाना, हे काही तुमचं काम नही."

संपलं! नाना उठून बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता, पण जिभेचा अपमान त्याहून मोठा. त्यांनी तिथूनच अक्कांना हाक मारून परवानगी मागितली. अक्कांनी आधी नकार दिला, मग विचारलं, "साधूनं केली म्हन्ता?" आणि साधू म्हटल्यावर त्या जरा नरमल्या. "चाखा मंग. पन गियायचं नही. थुकून द्यायचं." झालं. पुतण्याने तार सोडली, बूच असं उडालं की मोटेचा म्हातारा बैल दावं तोडून केळीत घुसला, आणि निम्मा फेस नानांच्या धोतरावर. नाना शांत. त्यांनी स्टीलचा चमचा मागवला. पहिली बाटली काळीभोर. चमचा तोंडात, डोळे बंद. "गूय जायला हाये यात" (म्हणजे गूळ जाळलाय). "खारीक हाये. अन् भाकरीचा करपलेला पापुद्रा." केळीच्या बुंध्याशी थुंकले. दुसरी तांबूस. "लवंग. संत्र्याची साल. नवा कडबा." थुंकले. पुतण्याचं तोंड उघडं ते उघडंच, कारण तिकडच्या जाणत्यांनी त्याला जवळजवळ हेच सांगितलं होतं. तिसरी बाटली सोनेरी. नानांनी चमचाभर घेतली, डोळे मिटले, आणि बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. "नाना, गियली!" कुणीतरी ओरडलं. नाना म्हणाले, "थुकायच्या लायकीची नही ही," आणि आणखी दोन चमचे घेतले, मग चमचा बाजूला ठेवून पेलाच घेतला. पाचेक मिनिटांत त्यांचे कान लाल झाले आणि परत आणलेल्या बैलाला ते "या, बसा" म्हणू लागले.

आणि तेवढ्यात ते एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "केयी हाये याच्यात."

काय हसलो आम्ही! पुतण्या तर बाजेवरून खाली आला. "नाना, तथी बर्फ पडतो, केयी कोठून येईल?" त्याने बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवली. जव, साखर, पाणी, यीस्ट आणि कसलीशी कडू फुलं. केळी नाही. "आपल्या बागीचाच वास आला आसंल!" कुणी म्हणालं, "चढली भो नानाले!" नाना पुन्हा पुन्हा पेला नाकाशी नेत होते आणि सांगत होते, "पिकेल केयी हाये, पाहा तं खरं." सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मी म्हणालो, "नाना, आता चहातही केळी सापडेल तुम्हाला." जावई हसला म्हटल्यावर बाकीच्यांना काय, रान मोकळं झालं.

नानांनी पेला खाली ठेवला. त्या दिवशीचं भरीतही त्यांनी निमूट खाल्लं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे गावाने मात्र त्यांना सोडलं नाही. कुणी रॉकेलचा डबा घेऊन यायचं, "नाना, यात केयी हाये का पाहा बरं." पंधरा दिवसांनी शेजारच्या लग्नात आचारी वाटी घेऊन त्यांच्या ओट्यावर आला, तर नानांनी हात जोडले. "माही जीभ खोटी झाली भो. आता मी कोनाच्या कढईत बोट नही घालनार." आणि घातलं नाही. एक नाही, दोन नाही, त्या हंगामातली सगळी लग्नं नानांशिवाय पार पडली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोला माहेरी सोडायला गेलो तेव्हा अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मला वाटलं, पुरणपोळीचा आग्रह. अक्का चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "चार महिने झाले, जवाई. पुढे ठेवलं ते खातेत अन् उठतेत. परवा आंबेल ताक वाढलं मुद्दाम. पिऊन घेतलं." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हनतेत, मी तुह्यं आयकलं नही, गियलं, म्हनून देवानं जीभ काढून घेतली. आता मले समदीकडे केयीच लागते का काय, माहाच भरवसा माह्यावर नही. पन जवाई, चूक माहीच झाली, मी कशाले त्यायले हो म्हटलं?" थट्टा आम्ही केली, आणि शिक्षा ही दोघं भोगत होती. परतीच्या गाडीत मला फार अस्वस्थ वाटत राहिलं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि ऑगस्टात प्रॅक्टिकल सुरू झाली. आम्ही मुलांना दरवर्षी एक गंमत करायला लावायचो. एक विशिष्ट अल्कोहोल आणि व्हिनेगरमधलं ॲसिड एकत्र तापवायचं, की त्यातून फळासारखा वास येणारं एक द्रव्य तयार होतं. त्या दिवशी पहिल्या टेबलावरची मुलगी परीक्षानळीवर हाताने वारा घालत म्हणाली, "सर, केळी!" आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. बारा वर्षं, सलग बारा वर्षं मी हे शिकवत होतो, फळ्यावर लिहून देत होतो, परीक्षेत विचारत होतो! संध्याकाळी लायब्ररीत आंबवण्याच्या विषयावरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं, त्यावर धूळ होती, म्हणजे कुणी उघडलं नसावं, मीही नाही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की तिकडच्या कडक बिअरमध्ये उबेला काम करणारं यीस्ट हेच द्रव्य तयार करतं. पिकलेल्या केळीत असतं तेच. मी कपाळावर हात मारला तो तिथल्या शिपायालाही ऐकू गेला.

रविवारी लहान बाटलीत ते द्रव्य घेऊन मी पहिल्या एसटीने निघालो. जळगावला गाडी बदलली, फैजपूरला उतरलो, आणि दुपारच्या जेवणाआधी नानांच्या ओट्यावर पोचलो. काही न सांगता बूच काढून बाटली त्यांच्यापुढे धरली. नाना मागे सरले. "नका भो थट्टा करू आता." मी म्हणालो, "नाना, थट्टा नाही. तुमच्या पाया पडतो, एकदाच वास घ्या." त्यांनी घेतला. डोळे मिटले गेले. ते इतक्या दिवसांनी मिटलेले पाहून मलाच भरून आलं. "केयी," ते हळू म्हणाले. मग कपाळाला आठ्या पडल्या. "पन हिले साल नही, गर नही. ही झाडाची नही. कोठून आनली?"

मी सगळं सांगितलं. यात केळी नाही, काचेच्या नळीत केलं आहे. पिकलेल्या केळीत जे असतं तेच हे, आणि त्या साधूंच्या बाटलीतही हेच होतं. "तुमची जीभ खरी होती, नाना. आम्ही सगळे गाढव होतो."

नानांनी बाटली पुन्हा नाकाशी नेली, आणखी एकदा, आणखी एकदा. "म्हंजे व्हती."

"होती."

"पन केयी नव्हती, केयीचा वास व्हता. मी केयी हाये म्हटलं. तेवढं माह्यं चुकलं." चार-पाच महिने नव्हे, सातव्या महिन्यात न्याय मिळालेला माणूस आधी स्वतःची चूक शोधत होता! मग त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "जवाई, हे तुम्ही पोरायले शिकवता ना?"

"हो."

"किती वर्सांपासून?"

"बारा."

"मंग त्या दिवशी तुम्ही काबरं हासले?"

आयुष्यात मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नाही. "सगळे हसत होते, नाना," मी म्हणालो. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. "बाकीच्यायचं काही नही भो. त्यायले काय माहीत. मले तुमचंच हासनं आयकू आलं व्हतं." शरमेने माझी मान वर होईना. नानांनीच माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "चला, जेवा. लय लांबून आले."

अक्कांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी दोघांची ताटं वाढली, भातावर वरण घातलं, आणि पळी हातात घेऊन सवयीने बाजूला उभ्या राहिल्या. नानांनी भात कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि हळूहळू घोळवला.

"ही हयद मागच्या सालची हाये का वं?"

अक्का पळी वरणात तशीच ठेवून म्हणाल्या, "तूप आनते," आणि आत गेल्या. तुपाची वाटी आमच्या दोघांच्या मध्येच ठेवलेली होती. बराच वेळ झाला तरी त्या आल्या नाहीत, म्हणून मी हाक मारायला अर्धा उठलो, तर नानांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. "राहू द्या. येईल ती."

आम्ही दोघं बसून राहिलो. भात निवला, वरणावर साय धरली. आज इतक्या वर्षांनी नाना नाहीत, अक्काही नाहीत. त्या वरणातली हळद खरंच जुनी होती का, हे माझ्या जिभेला काही कळलं नाही. मला ते फार गोड लागलं.