नदी असल्याचा दाखला

लोक महाबळेश्वरला जातात, मी घणसोलीला गेलो. एक नदी ही खरोखर नदी आहे की नाही हे ठरवायला सरकारी साहेब येणार होते आणि त्या वेळी तिथं त्यांच्याशी बोलायला एक पँटवाला माणूस हवा होता. एवढ्यासाठी मी दोन दिवसांची रजा काढली. अर्जात 'घरगुती कारण' असं लिहिलं. 'नदीच्या बाजूनं साक्ष' हे आमच्या हेडक्लार्कला झेपलं नसतं.

बोलावणं होतं हिराजी पाटलांचं. मुलुंडला आमच्या दारावर दर दिवाळीनंतर पोहे विकायला येणारे हे शेतकरी. नव्या शहरासाठी त्यांची जमीन गेली, खाडीलगतचे चौदा गुंठे तेवढे राहिले. त्या तुकड्याला लागून नदी वाहते. निदान हिराजींच्या मते. नव्या शहराच्या नकाशात तिथं 'नाला क्रमांक सात' असं छापलंय. वरच्या अंगाला एका कारखान्याचा पाइप तिच्यात उघडतो. हिराजी तक्रार घेऊन कचेरीत गेले, तेव्हा कारकुनानं त्यांना प्रेमानं समजावलं, की नदीत घाण सोडायला मनाई आहे. नाल्यात घाण नाही सोडायची तर काय गुलाबपाणी सोडायचं? आधी नदी सिद्ध करा. त्या पाण्यानं दोन वर्षं हिराजींचं भात पोटरीत येऊन, कणीस बाहेर पडायच्या आत करपलं होतं. यंदाही करपलं तर हा तुकडासुद्धा देऊन टाकायचा, असं घरात ठरलं होतं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: मुलुंडहून ठाणं गाठा, तिथून बेलापूरच्या रस्त्याची एस.टी. धरा. डाव्या खिडकीशी बसलात तर कारखाने दिसतात, उजव्या खिडकीशी बसलात तर खाडी. वास दोन्हीकडं सारखाच, त्यामुळे जागेसाठी भांडू नका. घणसोलीच्या फाट्यावर उतरून चालत जायचं. पाऊस नुकताच ओसरला असेल तर चपला हातात घ्या. चिखल त्या ठेवून घेतो, परत देत नाही.

संध्याकाळी हिराजींनी नदी दाखवली. रुंदी म्हणाल तर आमच्या चाळीच्या गॅलरीएवढी. काठावर एक बगळा उभा होता. गुडघ्यापर्यंत पाय गुलाबी, वर नेहमीचे काळे. मी पक्ष्याची नवी जात सापडल्याच्या आनंदात होतो. हिराजी म्हणाले, काल मंगळवार होता, मंगळवारी पाणी गुलाबी येतं. बायका लुगडी धुवायचा वार रंगावरून ठरवतात, म्हणजे डाग पडला तरी लुगड्याला शोभतो.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. हिराजींच्या बायकोनं, ताराबाईंनी, वाढता वाढता मला उद्याचा बेत ऐकवला. साहेबाच्या कागदावर 'मासे आहेत का' असा रकाना आहे, अशी बातमी कचेरीच्या शिपायाकडून फुटली होती. नदीत मासा पाहून वर्ष उलटलं होतं. म्हणून पहाटे गावतळ्यात जाळं टाकून मरळ धरायचे आणि नदीत सोडायचे. मरळ हा चिवट मासा, चिखलातसुद्धा तग धरतो. साहेब जाईपर्यंत तरी टिकेल, असा हिशेब.

"मासं पान्यातून काडतान ते मना म्हाईत हाय," ताराबाई म्हणाल्या, "पान्यात टाकनारा बापया मी पयलाच बगतंय."

उजाडता उजाडता आम्ही दोन हंडे भरून मरळ नदीत सोडले. पाणी त्या वेळी स्वच्छ होतं. एक मासा तर अशी उडी मारून गेला, की हिराजींनी हात जोडले. मीही जोडले. खोट्या पुराव्याला नमस्कार करण्याची माझी पहिलीच वेळ.

साहेबांची जीप अकराला आली. साहेब घाटावरचे, सभ्य, नाकाला रुमाल लावूनही नम्रपणे बोलणारे. बरोबर फॉर्म धरायला एक कारकून. उगम कुठे? हिराजींनी पारसिकच्या डोंगराकडे बोट केलं. मुख? खाडीकडे केलं. नाव? इथं गाडी अडली. गावात तिला कुणी नावानं हाक मारलीच नव्हती. नदीला नदीच म्हणायचे. साहेब म्हणाले, नाव नसलं तर रकाना कोरा राहतो आणि कोऱ्या रकान्यावर सही होत नाही. शेवटी 'घणसोली नदी (तथाकथित)' असं लिहून त्यांनी मार्ग काढला.

तेवढ्यात वरून रंग आला. त्या दिवशी जांभळा होता. पाणी आमच्यासमोरून शांतपणे जांभळं होत गेलं आणि पाठोपाठ मरळ आले. एकेक, पोट वर करून, रांगेत, घाई न करता. हिराजींचा चेहरा मला बघवेना. मी साहेबांना काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? की हे मासे मूळचे इथले नाहीत?

साहेब मात्र खुलले. "मासे आहेत की!"

"मेलेत साहेब," कारकून म्हणाला.

"जिवंत का मेलेले असं कुठं विचारलंय? आणि मरायला आधी असावे लागतात. लिहा, होय."

अशा रीतीनं, बारा वाजायच्या आत, नाला क्रमांक सात ही नदी झाली. हिराजींनी पुन्हा हात जोडले.

पण फॉर्मला मागची बाजू होती. मासे मृत आढळल्यास कारण: 'अ' शेतीची औषधे, 'ब' इतर. 'ब'साठी वेगळा अहवाल, तीन प्रतींत, मुख्य कचेरीमार्फत. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि 'अ'वर खूण केली. पुढं, जबाबदार व्यक्ती: काठावरील शेतकरी. काठावर शेतकरी उरला होता एकच. कारकुनानं तिथल्या तिथं नोटीस लिहिली. घणसोली नदीचे पाणी दूषित केल्याबद्दल हिराजी पाटील यांना जबाबदार धरण्यात येत असून, सदर नदी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी यापुढे त्यांची राहील.

मी पँटीला जागून भांडलो. जांभळ्या पाण्याकडे बोट केलं, पाइपाकडे बोट केलं. साहेब म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, आणि मला वाटतं खरंच वाटत होतं. हिराजींनी माझा हात खाली केला आणि नोटिशीवर सही केली, एकेक अक्षर कोरून.

परतीला ते फाट्यापर्यंत सोडायला आले. मी अजून धुमसत होतो. म्हटलं, एवढं धडधडीत खोटं, आणि तुम्ही सही करता?

त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मग म्हणाले, "आक्खा खोटा नाय. पोरीचे साखरपुड्याला मीच ह्या पान्यात फवारनीची पावडर वतलेली. दोन दिस गावाने मासं खाल्लं. मंग सा महिने मासा दिसला नाय. तवा कोनी इचारला नाय मना." आणि फाट्यावर पोचताना, "आज इचारला. बरा झाला."

मुलुंडला परत आल्यावर मी ही हकिकत चाळीत रंगवून सांगत असे. लोक हसत. महिन्याभरानं हिराजी स्वतः आले, पुढचं सांगायला.

खाडीकाठच्या गावांत भरतीनं बांध फुटला की घरटी एक माणूस निघतो, पेंढा आणि चिखलाची पाटी घेऊन, आणि भगदाड बुजेपर्यंत कुणी घरी जात नाही. बांध कुणाचाही असो. जमिनी गेल्या, बांध गेले, पण हात होते तेच होते. हिराजींनी नोटीस गावात वाचून घेतली. नदी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी लेखी आलेली. दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस वर गेला आणि दुपारपर्यंत त्यांनी पाइपाचं तोंड लिंपून टाकलं. रंग कारखान्याच्या आवारात उलटा चढला. मॅनेजरच्या हिरवळीवर दोन दिवस जांभळं तळं होतं. फौजदार आला, त्यानं नोटीस दोनदा वाचली आणि मॅनेजरला सांगितलं, म्हातारा सरकारी हुकूम बजावतोय, मी काय करू?

तिसऱ्या दिवशी कारखान्यानं पाइप फोडून मोकळा केला. गावानं पुन्हा लिंपला. आतापर्यंत चार वेळा झालं. यंदाचं भात अर्धं करपलं, अर्धं हाताला लागलं. तुकडा विकायचं घरात पुढं ढकललंय.

मी मनापासून हसलो. ते हसले नाहीत. आमच्या मोरीकडे बघून त्यांनी विचारलं, हे पाणी कुठं जातं. मी म्हटलं, गटारात. आणि गटार? त्याच्या मागं मी कधी गेलोच नव्हतो. पंधरा वर्षं मी त्या मोरीवर तोंड धुतोय.

त्या रविवारी मी दुसरा प्रवास केला. खर्च काहीच नाही, सोबतीला कुणी नाही. चाळीमागच्या गटाराच्या कडेकडेनं निघालो. वाटेत त्याला बाकीच्या चाळी मिळाल्या, एक रंगाऱ्याचं दुकान मिळालं, गोठा मिळाला, आणि मिठागरांच्या पलीकडे ते सगळं जाऊन पडलं ते खाडीत. ओहोटी होती. पलीकडे, जरा उजव्या हाताला, घणसोलीचा किनारा दिसत होता.

भोवती लिंपायला चिखल भरपूर होता. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मग तसाच उभा राहिलो. मला नोटीस आलेली नव्हती.