चावीबुवाने पाणी सोडलं

मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाला आमची सगळी गल्ली चावीबुवा म्हणते. खेळपट्टीत ओल किती हे पाहायला गडी सरळ घराची चावी मातीत खुपसतो. मग संध्याकाळी कुलूप अडतं आणि बायको शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणते, "अहो, कुलूप उघडायचंय, पेरायचं नाहीये!"

शंभर वर्षांचं मैदान ते. आधी वडील, मग हा. चेंडू कुठे उसळतो, कुठल्या बाकावरचे म्हातारे पंचांचा उद्धार करतात, सगळं याला तोंडपाठ. फक्त एक गोष्ट त्याने पोटात ठेवली होती. खेळपट्टीच्या पूर्वेच्या टोकाखाली जुनी विहीर आहे. वडिलांनी एका मोठ्या सामन्याआधी ती दोन दिवसांत बुजवली आणि मिशीला पीळ देत आयुष्यभर ते सांगितलं. आत भराव नव्हताच. जुन्या पॅव्हेलियनच्या फळ्या आडव्या टाकून वर माती लोटली होती, एवढं मात्र मुलाशिवाय कुणालाच कधी सांगितलं नाही.

शताब्दीच्या सामन्याला चार दिवस उरले होते. चावीबुवाने त्या टोकाला चावी टेकवली आणि ती बोटांतून निसटून एका बारीक भेगेत गेली. तो वाकून पाहत राहिला. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला. टुप्.

तो तसाच क्लबच्या चिटणीसांकडे गेला.

"साहेब, खाली पाणी वाजलं."

"वाजू दे की! तुझ्या वडिलांचं काम ना ते? मग पक्कंच असणार."

"वडिलांनी नुसत्या फळ्या टाकल्यात, साहेब."

"मेलेल्या बापाला नावं ठेवतोस? भेग बुजव आणि वर गवत लाव. तिकिटं कधीच संपलीत."

त्याने चार घमेली माती ओतली. भेगेने ती गिळली. पाचवंही गिळलं. त्यावर रोलर फिरवायचा त्याला धीर होईना. घरी कुलूप फोडावं लागलं, तर बायको हसली नाही. याचं तोंड पाहून तिची थट्टाच आटली.

सामन्याच्या सकाळी सगळी बाकं भरली. गोलंदाज पूर्वेकडे पावलं मोजायला निघाला, तेवढ्यात चावीबुवाने नळी ओढत आणली आणि पश्चिमेच्या धडधाकट टोकावर धो धो पाणी सोडलं. खेळपट्टीचा चिखल झाला. लोक उठून ओरडू लागले. "बुवा, डोकं फिरलं का?" "भात लावतोस काय रे?" पंचांनी खेळाडूंना परत बोलावलं. नोकरी गेली, वडिलांची मिशीही गेली, हे चावीबुवाला कळत होतं. पण पूर्वेचं टोक रिकामं झालं होतं. त्याने श्वास सोडला.

तेवढ्यात चिटणीस लालबुंद होऊन पॅव्हेलियनमधून निघाले. जवळची वाट पूर्वेकडूनच होती.

"साहेब, तिकडून नको! वळसा घालून या!"

"मला शिकवतोस?" म्हणत त्यांनी पाय आपटला.

त्यांच्या पायाखालचं गवत हललं. वारा मात्र नव्हता.