हौद भरला का?

अंबादास गेल्याचं मला औशाच्या बसस्टँडवर कळलं. कॉलेजचा शिपाई भेटला, म्हणाला, "सर, अंबादास सर गेले की हो... काविळीनं." गाडी लागली होती. मी चढलो, तिकीटही काढलं. दुःख करायलाही अंगात बळ लागतं, ते दुष्काळानं कुणात ठेवलं नव्हतं.

लातूरला आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो. तो प्राणिशास्त्र, मी मराठी. त्याच्या अंगणात दोन हौद होते. दोन्हींत पाण्यावर गरगर फिरणारे काळे किडे, भिंगऱ्या, आणि एकात शिवाय मरळ मासा. मासा असला की भिंगऱ्या घोळका करतात, नसला की पांगतात, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. "भ्यालेलं माणूस गर्दीत घुसतंय, तसंच हाय बघ," म्हणायचा. देवणीकडच्या त्याच्या घरात शाळेपुढं गेलेला तो पहिला. डॉक्टरेट त्याला हवीच होती. मी त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणून चिडवायचो.

मग जिल्हा नवा झाला. साहेब आले, पाट्या आल्या, पाणी तेवढं आलं नाही. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या, आणि हा नाही म्हणेल तर शपथ! बिनमाशाचा हौद आधी आटला. माशाच्या हौदात वीतभर पाणी उरलं, भिंगऱ्या त्यात गच्च गोळा झाल्या. मार्गदर्शक खूश. म्हणाले, हेच तर हवं होतं, लिहून टाका.

"माशाला भ्याल्या का जागाच न्हाई म्हणून चिकटल्या, मला काय ठाव?" अंबादास मला म्हणाला. "हौद भरू दे. मग लिहितो."

मी वैतागलो. इतका खरेपणा आपल्याला परवडतो का रे, म्हणालो. पाऊस आला तेव्हा तो दवाखान्यात होता.

पुण्यानुमोदनाला गेलो. माणसं पांगल्यावर सुशीलावहिनींनी मला अंगणात नेलं. दोन्ही हौद काठोकाठ. एकात नव्यानं आलेल्या भिंगऱ्या सैल फिरत होत्या. माशाच्या हौदात एवढी जागा असून साऱ्या एका कोपऱ्यात. त्याचंच खरं होतं... मला तिथं उभं राहवेना.

"रोज इचारायचे, हौद भरला का," वहिनी म्हणाल्या. "शेवटी मी भरला म्हणलं, भाऊजी. पाऊस पडला तरी अजून भरला नव्हता. भिंगऱ्या कोपऱ्यात हायत, तुमचंच खरं झालं, म्हणलं."

"मग?"

"लई बरं वाटलं त्यांना. पर म्हणले, मी येऊन बघतो. तवर कुणाला सांगू नको."