तिच्या नावापुढचा शेरा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते मैलूरच्या शाळेतल्या माझ्या दुसरीच्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवलं नव्हतं. वर्गात सगळे एका सुरात धडा म्हणत, त्या सुरात मीही असायचो. मला वाचता येतं असं घरच्यांना वाटायचं, आणि मलाही. एक दिवस बाईंनी मला शेजारी बसवलं आणि धड्याची शेवटची ओळ आधी वाच म्हणाल्या. मला एक शब्दही वाचता येईना. त्या रागावल्या नाहीत. पुढं वर्षभर दुपारच्या सुट्टीत मला घेऊन बसल्या. म्हणून मी बी.ए. झालो, शिक्षक झालो.

असं असूनही करजगीला नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी जे केलं, ते सांगायला आजही जड जातं.

तिथल्या मराठी शाळेत माझ्याकडे तिसरी होती. वर्गातली एक मुलगी वाचायला उभी राहिली की पहिल्याच शब्दावर अडायची. तिच्या घरी कन्नड बोलत. आम्हा सीमेवरच्या मास्तरांना एक सवयच होती. पोर अडलं की घरची भाषा विचारायची आणि प्रगतिपुस्तकात शेरा मारून मोकळं व्हायचं. मीही लिहिलं, 'मातृभाषा कन्नड, मराठी वाचन कच्चे.' तिला जवळ बसवून एकदाही वाचून घेतलं नाही. वर तिच्या वडिलांना बोलावून सल्ला दिला, की हिला शेजारच्या गावी कन्नड शाळेत घाला, तिथं भराभर वाचेल. त्यांनी विश्वासानं दाखला नेला.

दिवाळीनंतर ते आठवडी बाजारात भेटले. मी मुलीची चौकशी केली. तिथल्या मास्तरांचं म्हणणं त्यांनी शांतपणे सांगितलं: ही मराठी शाळेतून आलेली, म्हणून हिला कन्नड वाचता येत नाही, परत तिकडंच न्या.

"मग आता कुठं जायलीय ती?" मी विचारलं.

"म्हशीमागं. म्हशीला दोन्ही भाषा कळत्यात, गुरुजी. आणि ती शेरा मारत न्हाई."

शेजारचा भाजीवाला हसला. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझी पोरगी कुठल्याच शाळेची न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलगी अंगणात शेंगा फोडत होती. तिला आधी एक गोष्ट सांगायला लावली. ती तिनं आईकडं बघत कन्नडमध्ये सांगितली आणि मग माझ्याकडं वळून मराठीत, कुठंही न अडखळता. भाषेची अडचण नव्हतीच. मग पाटीवर एकेक अक्षर लिहिलं; बहुतेक ओळखली. दोन अक्षरांचा शब्द लिहिला आणि ती थांबली. मला येत होता तसा एक कन्नड शब्द लिहून पाहिला. तिथंही तेच.

"दुसरं अक्षर आलं की पहिलं जातंय, गुरुजी," ती म्हणाली. "मी लई धरून ठेवते."

एवढी साधी गोष्ट तिला कुणी विचारलीच नव्हती. चार दिवसांनी मी बाईंना पत्र लिहिलं.

"बाई, एका मुलीबद्दल मी खोटं लिहिलं. मुद्दाम नाही, पण न तपासता लिहिलं, म्हणजे खोटंच. त्यामुळं तिची शाळा सुटली. हेडमास्तर तिला परत घ्यायला तयार आहेत, पण पहिलीत बसवा म्हणतात. लहान पोरांत बसायला ती तयार नाही. म्हणून रोज शाळा सुटल्यावर मीच तिच्या अंगणात जातो. काल तिनं तीन शब्द वाचले. त्यातले दोन आज विसरली. ती माझ्यावर रागावत नाही, आणि मला तेच सोसत नाही. तुम्ही मला कसं शिकवलंत ते आठवून पाहतो. तुमच्या शेजारी बसल्याचं आठवतं, पण तुम्ही नेमकं काय करत होतात ते आठवत नाही. ते सविस्तर लिहून कळवा. ज्वारी काढणीला आली की वडील तिला शेतावर नेणार आहेत. कणसं भरायला लागली आहेत."