अक्कांचं अकरा

चूक माझी होती, आणि ती मी लाल शाईने केली.

बंगळूरच्या बसवनगुडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का चाळिशीत बाहेरून मॅट्रिकला बसणार होत्या. पास झाल्या तर दवाखान्यात कारकुनाची जागा ठरलेली होती. मी शाळामास्तर, म्हणून रोज वही दाखवायला येत. समीकरण त्या सावकाश सोडवत, ताळा मात्र मोठ्याने करत. मी वही ओढली की कानडी वळणाने म्हणत, "स्वल्प थांबा मास्तर, ताळा राहिला." दोन्ही बाजू जुळल्या की पदराने कपाळ पुसत.

एकदा गणित होतं: ३(क्ष − ४) = क्ष + १०. अक्कांचं उत्तर अकरा. मी घाईत तोंडी केलं, कंसातल्या चाराला तिनाने गुणायचं विसरलो आणि मला सात आलं. मी त्यांच्या ताळ्यावरून रेघ मारली. "अक्का, या वयात जमणार नाही. फॉर्म भरू नका."

"बरं," म्हणाल्या, आणि यायच्या थांबल्या.

चार दिवसांनी तेच गणित वर्गात फळ्यावर घेतलं. क्षच्या जागी सात घातले. डावीकडे नऊ, उजवीकडे सतरा. मग अकरा घातले. दोन्हीकडे एकवीस. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. शाळा सुटताच मी त्यांच्या दारात गेलो.

"तुमचं अकरा बरोबर होतं, अक्का."

"ते मला ठाऊक होतं. तुम्ही ताळा बघितला नव्हता, मास्तर?"

"नाही बघितला. शिवाय नको ते बोललो. मला माफ करा, आणि फॉर्म भरा."